मागच्या वर्षीचा आकडा

प्रिय लंबू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद पाठवतेय. फाडायचा असेल तर निदान वाचून फाड. बाबांनी दारात तुला 'कोण पाहिजे?' विचारलं, त्या दिवसापासून तू घरात पाऊल टाकलं नाहीस. त्यांना शेवटचं न्यायचं होतं तेव्हाही पाहुण्यासारखा मागेच उभा राहिलास. शिलाईचं दुकान सोडून नोकरी धरलीस त्याचा टोमणा मारला, असं तू धरलंस. मीही तेच धरलं होतं.

तर बातमी अशी, की मी कर भरतेय. हसू नकोस. गणिताच्या तासाला गुरुजी जिला वर्गाबाहेर काढायचे, ती आता चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसते. दुकान बंद करायचं तर हे करावंच लागतं. सगळं भरलं, आणि शेवटी ते यंत्र विचारतं, मागच्या वर्षी उत्पन्न किती दाखवलं होतं? तो आकडा जुळला तरच म्हणे तुम्ही म्हणजे तुम्हीच. मी मीच आहे का, हे लग्नातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

आकड्यापायी घर उलटंपालटं केलं. मशीनचा खण, कपाटावरची पेटी, बाबांच्या कोटांचे खिसे. गावाचे कपडे शिवणारा माणूस, आणि स्वतःच्या खिशांना भोकं. जुन्या वर्षांचे कागद दोऱ्यानं बांधलेले सापडले, मागच्याच वर्षाचे नाहीत. मला तर पक्कं आठवतंय, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. उठताना झालं एकदाचं म्हणाले. मी म्हटलं, एवढा वेळ? उत्पन्नात राजवाडा दाखवलात की काय? तेही हसले.

मग कर कार्यालयात गेले. खिडकीतल्या पोरीनं बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, आजी, मागच्या वर्षी तुमच्याकडून काही आलेलंच नाही. मी म्हटलं, नीट बघ बाई, ते कधी चुकायचे नाहीत. ती गोड बोलून म्हणाली, घाबरू नका, भरलंच नसेल तर त्या चौकटीत शून्य टाका, यंत्र घेतं. मागचं वेगळं भरता येईल.

घरी आले आणि एकेक आठवायला लागलं. गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असणारा माणूस, त्यानं बेकरीवाल्याच्या मापानं बँकेतल्या काडीपैलवानाची पँट कापली. मी गल्लीभर सांगत सुटले, बँकेला बरे दिवस आले म्हणून. मला एकदा 'बाई, आपण कोण?' म्हणाले, तर मी म्हटलं, भाडेकरू, भाडं थकलंय. आपल्या घरात फिरकी घेतल्याशिवाय घास उतरत नाही. मी हसले की तेही हसायचे. आता वाटतं, त्यांना तेवढीच सुटका मिळायची.

लंबू, दारात त्यांनी टोमणा मारला नव्हता रे. त्यांनी खरंच विचारलं होतं. तू तरातरा निघून गेलास, आणि ते मला म्हणाले, पोरगा चांगला होता, कुणाचा होता? मला वाटलं, अजून थट्टाच चालू आहे. हे तुला सांगायचं होतं, म्हणून लिहिलं. आणि ते शून्य काही माझ्या हातून टाकवत नाही. वर्षभर मान मोडून शिवत होता तो माणूस. तू ये, शेजारी बस, तू टाक.

तुझीच,
आई