दुसरा विषयही घेतला

छत्रपती संभाजीनगर,
२४ मे

आईला, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला, धम्मशीलाला मनापासून जय भीम.

आई, आधी महत्त्वाचं सांगते. माझ्या उन्हाळी वर्गाच्या फीसाठी धम्मशीलाची अकरावी वर्षभर थांबवायची नाही. तू जमवलेले पैसे घेऊन सोनपेठला जा आणि तिचा प्रवेश करून टाक. माझी सगळी फी कॉलेजच्या मदत निधीतून भरली गेली.

खर्च कमी व्हावा म्हणून मी राहिलेल्या दोन विषयांपैकी एकच घेतला होता, दुसरा पुढच्या उन्हाळ्यात घेणार होते. ऑफिसातल्या कदमबाई अर्ज पाहून म्हणाल्या, "अगं, एका विषयाला मदत भेटत न्हाई. दोन घेतलेस तर पूर्ण फी माफ. लय काटकसर करायलीस की तू." मी तीनदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "आता लिहून देऊ का माय?" मी म्हटलं, द्या. त्यांनी खरंच लिहून दिलं.

म्हणजे मी याच जुलैत पदवीधर होणार.

दोन विषयांमुळे अभ्यास जरा जास्त आहे. सुट्टीत मेस बंद असते, पण आम्ही तिघी खोलीवर भात करतो, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? पाण्याला एकटी जाऊ नकोस.

अर्जात एक रकाना होता, घरात पदवीधर किती. मी शून्य लिहिलं. धम्मशीला बारावीनंतर पदवीचा अर्ज भरेल तेव्हा तिला तिथं एक लिहावं लागेल.

तुझीच,
संघमित्रा