दार लावते

मैसूर, १२ सप्टेंबर १९९३

ती. अन्नपूर्णाक्कास दाक्षायणीचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. तू दिलेल्या कडक रोट्ट्या आणि शेंगाचटणी दावणगेरेपर्यंतच संपली, कारण समोरच्या बाकावरची दोन पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. इथे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. फक्त नावं बदलतात.

आम्ही वीसेक मुली आहोत. पहाटे परेड, मग कायदा, मग कुलपं. खरंच, कुलपांचा तास असतो. मैदानाच्या मधोमध एक लोखंडी दार उभं केलंय. भिंत नाही, काही नाही, नुसती चौकट आणि दार. एकेकीनं त्यातून जायचं, दार ओढायचं, कुलूप लावायचं, हिसका देऊन बघायचं आणि मगच पाठ फिरवायची. शिकवणाऱ्या सरोजम्मा आयुष्यभर तुरुंगात बायकांच्या बराकीवर वॉर्डर होत्या. त्या म्हणतात, हे डोक्यानं करायचं काम नाही, हातात मुरलं पाहिजे. काल एक कुत्रं त्या दाराच्या बाजूनं आरामात निघून गेलं. आम्ही हसलो, तर सगळ्यांना मैदानाला फेऱ्या.

अक्का, अप्पा काही बोलतात का? मी निघाले तेव्हा ते मागावरून उठलेसुद्धा नाहीत. माझ्या नोकरीसाठी घरची चौकशी करायला पोलीस आले तेव्हा ते स्वतः निर्दोष सुटल्याचा हायकोर्टाचा कागद त्यांनीच ट्रंकेतून काढून दिला, हवालदाराला बसायला चटई दिली, पण त्यानंतर माझ्याशी बोलणं नाही. मला कळतं गं. तुरुंगाच्या ज्या जाळीतून आपण दोघी पाच वर्षं त्यांना बघत होतो, तिथेच मी खाकी घालून उभी राहणार. पण पदवी नसलेल्या मुलीला दुसरी सरकारी नोकरी कोण देत होतं?

शेवटच्या दिवशी इथे घरच्यांना बोलावतात. घरचं माणूस मुलीच्या खांद्यावर शिट्टीची दोरी अडकवतं, तेव्हाच ती वॉर्डर झाली असं मानतात. माझ्या खांद्यावर अप्पांनी अडकवावी, एवढंच मला हवंय. परीक्षेचं मी बघून घेईन.

तुझ्या लोभातला माझा वाटा झाकून ठेव.

तुझी
दाक्षा


गुळेदगुड्ड, २६ सप्टेंबर १९९३

चि. दाक्षायणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र अप्पांना वाचून दाखवलं. कुत्र्याची गोष्ट आली तिथे त्यांच्या मिशा हलल्या. मी दोरीपाशी पोचले तेव्हा त्यांनी मागावर धोटा फेकायला सुरुवात केली, म्हणून मी घडी घातली. माग चालू असला की आपल्या घरात कुणाचंच काही ऐकू येत नाही, हे त्यांना फार सोयीचं आहे.

रागावलेत असं मला वाटत नाही. समोरची काळव्वा परवा अंगणातूनच ओरडली, मल्लप्पण्णा, आता पोरगीच पहाऱ्याला, तुला कसली काळजी! अप्पा म्हणाले, तिच्या हातची रोट्टी करपते, पहारा तरी धड करेल. म्हणजे तुझी आठवण आहे. एकदा आपणहून विचारलं, तिथे शिव्या द्यायलाही शिकवतात का गं? मी म्हटलं, तुम्हीच लिहून विचारा. तर पुन्हा धोटा.

खणाला यंदा मागणी बरी आहे. मी दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरते, बोटांना रंग लागलाय तो या कागदावर दिसेलच. आपलं दार होतं तसंच, दगड लावून अर्धं उघडं. सुटून आल्या दिवशी अप्पांनी आतल्या कड्या उपटल्या, त्या अजून फळीवर गंजतायत. बाहेरच्या कडीला अव्वाचं कुलूप उघडंच लटकतं, ते नुसतं शोभेला. किल्ली माझ्या कमरेला, तीही सवयीनं. रात्री मांजर येऊन दूध पिऊन जातं. पण अप्पांना झोप लागते, मग पिऊ दे मांजराला.

ते आत असताना अव्वा गेली, आपण आईविना झालो, तेव्हा तू माझ्या मांडीवर मावायचीस. आता खाकीत कशी दिसतेस, फोटो काढलास तर पाठव. जेवत जा. माया आहे ती आहेच, लिहून वाढत नाही.

तुझी
अक्का


मैसूर, ९ जानेवारी १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बनशंकरीच्या जत्रेला चार दिवसांची रजा मिळाली. आधी बातमी ऐक. कुलपांच्या परीक्षेत मी पहिली आले. डोळ्यांवर फडकं बांधून लावायचं होतं. सरोजम्मा म्हणाल्या, या मुलीचा हात तयार झाला. इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला हा एकच गोड शब्द.

जत्रेला अप्पांनाही नेऊ. गर्दीत येत नाहीत हे माहीत आहे, तरी मी विचारणार. नाहीच आले तर त्यांच्यासाठी टोपलीवाल्या बायकांकडून मडक्यातलं दही आणू.

भेटीची आस लागली आहे, बाकी तोंडीच.

तुझी
दाक्षा


मैसूर, ३ फेब्रुवारी १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पोचले. गाडीत कुणाशी बोलले नाही.

जत्रेहून परतलो तेव्हा तू पायरीवर बसून चपला काढत होतीस, म्हणून तू सगळं बघितलं नाहीस. मी बघितलं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही.

सकाळी बस चुकेल म्हणून तू पुढे धावलीस, अप्पा यायला नको म्हणून आतच बसले होते, मी मागून निघाले. त्यापुढचं मला आठवत नाही. मी दार ओढलं असेल, दगड सरकवला असेल, कुलूप दाबलं असेल, हिसका देऊन बघितलं असेल. हातानंच केलं सगळं. मी तेव्हा बांगड्या कुठल्या घ्यायच्या याचा विचार करत होते. जत्रेत दिवसभर हिंडलो, हसलो, दही घेतलं. संध्याकाळी कुलूप बघून तू म्हणालीस, अप्पा कुठे गेले असतील? आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिलीस.

अक्का, दार उघडलं तेव्हा ते दाराशीच होते. उकिडवे बसलेले, हात गुडघ्यांवर, मान खाली. गिनतीला कैदी बसतात तसे. आम्हाला ते शिकवलंय, म्हणून मी ओळखलं. आणि मला बघून ते उठून उभे राहिले. बाप मुलीला बघून उठतो तसे नाही. वॉर्डर आला की उठतात तसे.

मी दह्याचं मडकं पुढे केलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. ते कसे आहेत, एवढंच कळव.

दाक्षा


गुळेदगुड्ड, ११ फेब्रुवारी १९९४

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

कसे आहेत विचारतेस. खोटं लिहिणार होते, दोन कागद फाडले.

काळव्वानं मला नंतर सांगितलं. दुपारी विस्तव मागायला ती आली, तर बाहेर कुलूप आणि आत खोकला. तिनं हाक मारली, मल्लप्पण्णा, तुला कोंडून गेल्या की काय पोरी? थांब, माझ्या लेकाला दगड घेऊन बोलावते. अप्पा आतून म्हणाले, नको, असू दे, ज्यांनी लावलं ते येऊन उघडतील. तिनं खिडकीतून पाणी देऊ केलं, त्यावरही म्हणाले, वेळ झाली की मिळेल. काळव्वा हे सांगताना रडली. तुला ठाऊक आहे, ती रडणारी बाई नाही.

तेव्हापासून माग बंद आहे. खण अर्धा विणून तसाच पडलाय. जेवतात, झोपतात. पण परसात जायचं झालं तरी माझ्यासमोर येऊन उभे राहतात आणि विचारतात, बाहेर जाऊ का? पहिल्यांदा मला वाटलं थट्टा करतायत. मग मी रागावले, म्हटलं, तुमचं घर, तुमचं परस, मला काय विचारता! तर खाली बघून उभेच राहिले. आता मी म्हणते, जा. त्याशिवाय पाऊल उचलत नाहीत.

मी ते कुलूप विहिरीत टाकायला निघाले होते. त्यांनी हातातून घेतलं आणि पुन्हा कडीला अडकवलं, उघडं.

मी तुझ्यावर रागावले आहे, दाक्षा. तुझा दोष नाही हे कळतं, तरी रागावले आहे. थोडे दिवस जाऊ दे.

अक्का


मैसूर, २० फेब्रुवारी १९९४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रागव. तू रागावलीस तर मला बरं वाटतं.

मी शिक्षण सोडते आहे. अर्ज लिहून सरोजम्मांकडे नेला. त्यांनी तो न वाचता विचारलं, काय झालं? सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, कित्येक वर्षं मी माझ्या घराचं दार लावलेलं नाही, ते काम नवऱ्याचं. एकदा सासूला मीही कोंडलं होतं, तेव्हापासून. तुम्हा पोरींना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, राहून गेलं. अर्ज त्यांनी उशीखाली ठेवला आणि म्हणाल्या, वडिलांना विचार, मग बघू.

मी कुठल्या तोंडानं विचारू? तूच सांग त्यांना, मी परत येते. कांड्या भरीन.

दाक्षा


गुळेदगुड्ड, १ मार्च १९९४

चि. दाक्षायणीस मल्लप्पाचे आशीर्वाद.

अन्नपूर्णेनं सांगितलं, तू काम सोडणार. सोडू नकोस. तू सोडलंस तर तिथे दुसरं कुणी उभं राहील. ते माझ्या घरचं नसेल.

मी मैसूरला येणार नाही. राग म्हणून नव्हे. तसलं फाटक दिसलं की माझे पाय मागे फिरतात. तुझ्या मैत्रिणींसमोर ते नको. दोरी अन्नपूर्णा अडकवेल.

त्या दिवशी मी भ्यालो नाही. कुलपाचा आवाज आला आणि मी जाऊन बसलो. मला रागसुद्धा आला नाही, याचंच मला वाईट वाटतं. मला वाटत होतं ते सगळं मी तिथेच टाकून आलो.

तुला एक सांगतो. तिथे रोज संध्याकाळी दार लागायचं. लावणारे कितीतरी बदलले. काही वाईट होते, काही बरे होते. पण लावतो असं कुणी कधी म्हणालं नाही. आत माणूस आहे की पोती आहेत, त्यांना सारखंच. तू लावताना सांगत जा. दार लावते, एवढंच म्हण. तुझ्या कायद्याच्या पुस्तकात हे नसेल.

त्या दिवशी तू सांगितलं असतंस तर मी लाव म्हटलं असतं.

प्रकृतीला जप.

मल्लप्पा


६ जून १९९४

ती. अप्पांना दाक्षायणीचा शि. सा. न. वि. वि.

परीक्षेत पास झाले, हे अक्कानं येऊन सांगितलंच असेल. दोरी अडकवताना तिनं मागावरची गाठ मारली, ती सोडवून साहेबांनाच पुन्हा मारावी लागली. तुमची जागा तिनं शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून धरली होती. कुणाला बसू दिलं नाही.

आता मी बायकांच्या बराकीवर आहे. पहिल्या संध्याकाळी गिनती झाली, सगळ्या आत गेल्या. मी कुलूप हातात धरून उभी राहिले आणि म्हटलं, दार लावते. मग कोपऱ्यातली निंगव्वा नावाची म्हातारी, कच्ची कैदी आहे, खटल्याचा निकाल लागायचाय, म्हणाली, लाव की बाई, आम्ही कुठं बाजाराला निघालोय? सगळ्या हसल्या. माझ्या बरोबरच्या वॉर्डरही हसल्या. मला आता त्या दवंडीवाली म्हणतात.

मी रोज सांगते. काहीजणी लाव म्हणतात, काही पाठ फिरवून झोपतात. गेल्या आठवड्यात माझा घसा बसला होता, म्हणून न बोलताच दार ओढलं. तर आतून निंगव्वाचा आवाज आला, आज सांगितलं नाहीस? मी दार पुन्हा उघडलं, जमेल तसं सांगितलं आणि मग लावलं.

अप्पा, तुम्हाला सांगायचं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्यांना सांगते आहे.

आशीर्वाद राहू द्यावा, मी तो मागायच्या लायकीची असेन तर.

आपली
दाक्षायणी


गुळेदगुड्ड, १५ जून १९९४

चि. दाक्षायणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. संध्याकाळी अप्पांना वाचून दाखवलं. निंगव्वाचं बोलणं आलं तिथे त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग कुठल्या गुन्ह्यात आहे ती, असं विचारलं. मी म्हटलं, दाक्षानं लिहिलेलं नाही. म्हणाले, बरं केलं.

मी चुलीकडे गेले. थोड्या वेळानं दगड सरकल्याचा आवाज आला म्हणून बाहेर बघितलं, तर अप्पा दाराशी उभे. दगड पायानं बाजूला केलेला, एक हात दारावर. मला म्हणाले, "अन्नपूर्णा, दार लावतो."

सुटून आल्यापासून त्या माणसानं स्वतः दार कधी लावलेलं नव्हतं. ते दार तसंच धरून उभे राहिले, माझ्याकडे बघत. मी काही म्हणेपर्यंत ते लावणार नव्हते. शेवटी म्हटलं, लावा, अप्पा. मग त्यांनी हळूच लोटलं. मांजर बाहेर राहिलं आणि बराच वेळ ओरडत होतं.

सगळं बरं झालं असं समजू नकोस. सकाळी उठून ते पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि विचारलं, बाहेर जाऊ का? मी म्हटलं, जा. हे तुला लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण तुझ्यापासून काय लपवू? आता ते असंच राहील, असं मी मनाशी धरून चालले आहे.

माझा राग गेला. कधी गेला ते कळलं नाही.

रजा मिळेल तेव्हा ये. आलीस की दारातूनच हाक मार, दाक्षा आली म्हणून सांग, आणि त्यांनी ये म्हटल्यावरच आत पाऊल टाक. तेवढा वेळ मी थांबायला तयार आहे.

तुझी
अक्का