गवतातली टकटक

३ फेब्रुवारी

आज पुन्हा ऐकलं. टक-टक — टक.

मी काही भुताखेतांना मानणाऱ्यातली नाही. कान वाजले म्हणून सोडून दिलं असतं. पण आज बाईंनीही ऐकलं! बाई म्हणजे समुद्री गवताचा अभ्यास करायला आलेल्या संशोधक. तळावर चौकट ठेवायची, आतली पाती मोजायची, चौकट पुढे सरकवायची — हे त्यांचं काम. पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही म्हणून सोबतीला मी. वर आल्यावर मला म्हणाल्या, सारखं कशाला बोलावत होतात? मी म्हटलं, मी नाही बोलावलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

पाण्याखाली हाक मारता येत नाही. लोखंडी कडी पाठीवरच्या टाकीवर आपटायची, की जोडीदार वळून बघतो. ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. दोनदा, मग थांबून एकदा — ही माझ्या दादाची.

दादाला जाऊन वर्ष होत आलं.

४ फेब्रुवारी

झोप नाही. घरात कोणाला काही सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी

वहिनी सकाळपासून कॉम्प्रेसरवर टाक्या भरत होती. त्या मशीनच्या धडधडीत बोलायला लागत नाही, हे तिला बरं पडतं. दादामागं डायव्हिंगचं दुकान तिनंच सावरलं. लोक म्हणतात, वहिनी मोठी खंबीर. खंबीर कसली! घराच्या दाराला वर्षभर कडी लावलेली नाही. तो आला तर दार वाजवायला लागू नये म्हणून. वाऱ्यानं दार हललं की उठून बसते.

मी एकदा चिडून बोलले होते, की वहिनी, आता पुरे. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "माणूस सापडल्याशिवाय गेला म्हणायचं नाही."

आणि सापडणार कुठून? दादा पहाटे एकटाच होडी घेऊन प्रवाळाच्या बाहेरच्या कड्याकडे गेला. तिथला नांगराचा दोर बघून येतो म्हणाला. दुसऱ्यांना एकट्यानं उतरू न देणारा माणूस! होडी कड्यापाशी नांगरलेली सापडली. तो नाही. तिथं तळ लागत नाही. पाणबुडे शोधून शोधून दमले.

मला आता त्याचं काहीही चालेल. एक पट्टा, पोहताना पायात घालायचा एक पंखा. काहीतरी आणून वहिनीच्या हातात द्यायचं आहे. म्हणजे तरी ती दार लावून झोपेल.

७ फेब्रुवारी

टक-टक — टक. आज जास्त वेळ. बाईंना चौकटीपाशी सोडून मी आवाजाच्या मागे गेले. मूर्खच मी! पाण्यात आवाज चहूकडून येतो. डावीकडे वळले तर उजवीकडून, उजवीकडे वळले तर डोक्याच्या आतून. गवत सगळं एका बाजूला झुकायचं, मग सगळं दुसऱ्या बाजूला. एक कासव चरत होतं, ते मान वर करून माझ्याकडे बघत राहिलं. मला एकदम भीती वाटली. खरीखुरी, पोटातून. अंधारात न्हाणीघरात जायला लहानपणी वाटायची तशी.

परत आले तर बाईंनी चांगलंच झापलं. बरोबरच आहे त्यांचं.

१० फेब्रुवारी

नवशिक्यांची तुकडी होती. एक महाशय होडीवर चढले आणि टाकी उघडी तशीच टाकून मासोळ्यांचं वर्णन सुरू. हवा सुटतेय फुसफुस. मी ओरडले, "आधी हवा बंद, मग गप्पा!"

होडीवाल्या काकांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. हे दादाचं वाक्य. अगदी त्याच सुरात निघालं. मला शिकवताना किती टपल्या मारल्या त्यानं यावरून! पाण्याबाहेर डोकं निघालं, टाकी पाठीवरून उतरली, की हात आधी व्हॉल्व्हवर. तहान नंतर, तोंड पुसणं नंतर. त्याचा हात तर झोपेतही गेला असता.

काकांना मग टकटकीचं सांगितलं. वेड्यात काढतील वाटलं होतं. ते म्हणाले, "पोरी, गवतात नको जाऊस. बोलावतंय ते जवळचं माणूस असतंच असं नाही."

झालं! माझी उरलीसुरली झोपही गेली.

१३ फेब्रुवारी

वहिनीनं कपाट आवरायला काढलं. आवरलं कसलं, सगळं बाहेर काढून पुन्हा तसंच आत ठेवलं. शर्ट, टोपी, जुन्या चपला. त्याचे नवे बूट मात्र तेव्हापासून नाहीत. आपल्या उघड्या दारातून कोणी उचलले असतील, असं ती म्हणते. एकदाच घातले होते गं, म्हणाली आणि कपाट लावून टाकलं.

जायच्या आधी दादा महिनाभर फार बोलत नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, दमलोय. कोण नाही दमत?

१८ फेब्रुवारी

सापडलं.

आज आवाजाच्या मागे धावलेच नाही. बाईंनाच सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग ऐकायचं कशाला, मोजू या. दोर आखला आणि चौकटीमागून चौकट दोघी सरकत गेलो. किनाऱ्याच्या बाजूला, जिथं ओहोटीला उभं राहता येतं, तिथं पूर्वी होड्या बांधायचा सिमेंटचा ठोकळा आहे. गवतानं पार झाकलेला. त्याच्या कडीला दोरानं अडकलेलं, पाठीवर टाकी बांधायचं जॅकेट, आणि जॅकेटात टाकी. लाट आली की टाकी उचलून दोनदा आपटायची, लाट गेली की एकदा.

टाकीवर वहिनीनं नेलपॉलिशनं काढलेला वेडावाकडा मासा. अजून तसाच लाल.

इथं कोणी शोधलंच नव्हतं. छातीभर पाण्यात कोण बुडतं, म्हणून. काका म्हणाले, प्रवाहानं इकडे आणला, दोरात अडकला असेल बिचारा, पट्टे लाटांनी सुटले असतील. मी मान हलवली. पाण्यात मुखवट्याच्या आत रडता येतं, हे आज कळलं. काही दिसेनासं होतं.

वहिनीच्या पुढ्यात ठेवलं. ती अंगठ्यानं मासा घासत राहिली. मग खाली बसली आणि रडली. वर्षभरात पहिल्यांदा. मी तिला धरून बसले. शेवटी म्हणाली, "आता कडी लावते."

१९ फेब्रुवारी

वहिनी उन्हं वर येईपर्यंत झोपली.

२२ फेब्रुवारी

गवतात उतरलो. आवाज नाही. आता करमत नाही, हे कोणाला सांगू?

घरी वहिनीनं त्याचे शर्ट वाटायला काढले. एक मला ठेवला. जेवताना काकांच्या होडीवरून काहीतरी बोलली आणि स्वतःच हसली. किती दिवसांनी! माझ्या जिवात जीव आला.

२५ फेब्रुवारी

दादाची टाकी धुवायला घेतली. आत हवा असेल तर सोडून दे आणि कोपऱ्यात उभी कर, असं वहिनी म्हणाली. व्हॉल्व्ह गंजलेला. फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला, फिरवत गेले, आणि फुस्सकन हवा सुटली. अर्धी टाकी तरी असेल.

उघडावा लागला. म्हणजे बंद होता.

तो आपोआप बंद होत नाही. बुडणारा माणूस आपली हवा बंद करत नाही. दादा, पाण्याबाहेर डोकं काढलंस, पट्टे सोडलेस, सगळं कडीला नीट बांधलंस — आणि हात गेलाच शेवटी व्हॉल्व्हवर. बूटही चोरीला गेले नव्हते तर.

आतून वहिनीनं विचारलं, "कसला आवाज गं?"

म्हटलं, "काही नाही. हवा सोडतेय."