सांताबुवाच्या दाढीवरचं रक्त

बाबा, आज दुपारी तुझ्या नातीने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला चक्क खोटं उत्तर दिलं. तू तिला पाहिलेलं नाहीस. कॉलेज संपवून नोकरी शोधतेय, बोलायला माझ्यासारखीच फटकळ. आम्ही दोघी मुलुंडच्या घरात सोफ्यावर पाय पसरून सिनेमा बघत होतो. डिसेंबर लागला की मी हे सिनेमे बघते, दरवर्षी, न चुकता. नाताळची सजावट केलेलं घर, झाडावर लुकलुकणारे दिवे आणि सांताक्लॉजच्या वेषात कुऱ्हाड घेऊन आलेला खुनी. एकेकाला गाठतो आणि तोडतो. तुझा जावई वैतागतो. "अगं, लोक नाताळला केक खातात, तू मुडदे बघत बसतेस," म्हणतो आणि आतल्या खोलीत निघून जातो. आज पोरीने मध्येच सिनेमा थांबवला. "आई, खरं सांग ना यार, तुला नक्की काय आवडतं यात?" मी म्हटलं, "टाइमपास गं." ती म्हणाली, "टाइमपास करताना कोणी रडतं का?" मग मी कांदे चिरायचे म्हणून उठले. खरं उत्तर आधी तुला द्यायला हवं. त्यात मी लपवलेली एक गोष्ट आहे, आणि ती मी आईलाही तिच्या शेवटापर्यंत सांगितली नाही.

तसं पोरीला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. नाताळात सगळ्यांनी गोड वागायचं असतं, म्हणूनच तिथे कुऱ्हाड निघाली की जास्त धडकी भरते. गणपतीची आरती रंगात आलेली असताना कोणी सुरा काढावा, तसं. आणि आपल्यासारख्यांना ते सोयीचंही पडतं. सण दुसऱ्याचा, त्यामुळे आपल्या देवाला धक्का न लागता मनसोक्त घाबरता येतं. शिवाय तो सांता. अनोळखी माणूस, तोंडभर दाढी, डोळे तेवढे दिसतात, आणि घरातल्यांनी लेकरांना सांगून ठेवलेलं की तो येणार, तुम्ही गुपचूप झोपा. म्हणजे खुन्याला दार फोडायचीही गरज नाही. हे सगळं खरं आहे, आणि कोणी विचारलं तर मी ते तावातावाने बोलूही शकते. पण मी ते सिनेमे बघते ते रक्तासाठी.

गोरेगाव पूर्वेची आपली ती एक खोली, स्टुडिओपासून चालत वीस मिनिटांवर. आजूबाजूच्या पोरांचे बाप कोणी गिरणीतून सुटलेले, कोणी कंपनीत लागलेले, आणि माझा बाप रक्त करायचा. तू सिनेमाच्या मेकअप खात्यातला, पण अख्खी चाळ तुला रगतवाले म्हणायची. रविवारी आई भाकऱ्या करून उठली की ओटा तुझ्या ताब्यात. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कॉफी. आई कडाडते, "दुधाच्या टोपात रगत शिजवताय? लक्ष्मी पळून जाईल घरातून!" आणि मग तीच चिमटीत पाक धरून बघते. "एकतारी झाला, उतरवा आता. दोनतारी केलात तर तुमचा व्हिलन काय लाडू वळणार?" तू बोट बुडवून माझ्यापुढे धरतोस. "चाटून बग गो चेडवा, गोड आसा." मी चाटते. आपल्या घरात रक्त गोड होतं बाबा, आणि तुझ्या कपड्यांवर ते रोज असायचं. बाकीच्या बायका नवऱ्याच्या कॉलरचा मळ काढायच्या, आई रक्ताचे डाग काढायची आणि तुझ्या नावाने बोटं मोडायची.

त्या वर्षी मी पाचवीत होते. भुताखेतांचे स्वस्तातले सिनेमे काढणाऱ्या कुणा निर्मात्याच्या डोक्यात आलं की खुनी सांताक्लॉज दाखवायचा. युनिटमध्ये कोणालाच ते नाव धड म्हणता येईना, तेव्हा तू त्याला सांताबुवा करून टाकलंस, जणू भजनाला बसवायचा होता. हातात कोयता, कारण बरी कुऱ्हाड मिळाली नाही. आणि पहिल्याच दिवशी वाट लागली. लाल अंगरख्यावर तुझं लाल रक्त दिसेचना. डायरेक्टर ओरडतोय, अजून ओत, अजून ओत, आणि तो बुवा नुसता ओला होऊन कुडकुडतोय. तू घरी येऊन ते इतकं रंगवून सांगितलंस की आईलाही हसू आवरेना. मग तूच तोड काढलीस की रक्त दाढीवर टाकायचं. पण दाढी कापसाची, एकतारी पाक पिऊन जड व्हायची आणि शॉटमध्येच गळून पडायची. चार रविवार तू स्वतःच्या हनुवटीला कापूस चिकटवून ओट्यापाशी बसलास. शेवटी आईनेच सुचवलं, दाढीसाठी दोनतारी घ्या, आत झिरपायचा नाही. झकास जमलं. तू खूश होऊन मला म्हणालास, "नाताळच्या दिवशी शेवटचो सीन आसा. तुका घेऊन जातंय. दाढयेर रगत तूच घाल." मी शाळेत सगळ्यांना सांगून आले.

त्यानंतर नाताळाला चारेक दिवस राहिले असताना मी दुपारी मोरीत पाय धुवायला गेले आणि पिंपामागे कोंबलेला तुझा बनियन दिसला. पुढून सगळा लाल. तू बनवलेलं रक्त लागलेला कपडा मोरीत थोडा वेळ पडला की काळ्या मुंग्यांची रांग लागायची. याच्यावर एकही मुंगी नव्हती. हाताला चिकटही लागला नाही, आणि डाग कडेने तपकिरी होत चालला होता. मी काय केलं असेल? रगतवाल्याचीच पोर मी. बोट ओलं करून डागावर फिरवलं आणि चाटलं. खारट होतं. मागे वळले तर तू दारात उभा. तू बनियन माझ्या हातातून घेतलास, बादलीत टाकलास आणि म्हणालास, "रंग आसा गो." मी म्हटलं, "हो." तू माझ्याकडे बघत राहिलास. मला कळलंय हे तुलाही कळलं होतं, बाबा, नाही म्हणू नकोस. संध्याकाळी आई बनियन घासायला बसली आणि पुटपुटत राहिली, "किती सांगितलं, रंग काढून येत जा, पण ऐकेल तर शपथ." तू भिंतीकडे तोंड करून पडून होतास. मी तिच्या शेजारी बसून पाढे पाठ करत होते.

जानेवारीत एका सकाळी तू ओट्यापाशी उभ्याउभ्या ओकलास. सगळी लादी लाल. आई पाठमोरी होती, तिने वळून पाहिलं आणि ओरडली, "अहो, लादी आत्ता पुसली ना मी! टोप सांडलात?" दारातली शेजारीण हसली. तू खाली बसलास तरी आई फडकं घेऊन पुसायलाच लागली. तिच्या हाताला ते गरम लागलं, तेव्हा तिने किंकाळी फोडली. डॉक्टर म्हणाले पोटात जुना अल्सर होता, तो फुटला, जरा आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. दोन दिवसांत तू गेलास. आई पुढे पुष्कळ जगली, पण एकच वाक्य घोकत जगली, "माझ्या हाताने धुतलं गं, आणि मला कळलं कसं नाही?" मी तिचे पाय चेपत ऐकत बसायचे. "मला कळलं होतं," एवढे तीन शब्द मी बोलले असते तर तिच्या छातीवरचा अर्धा धोंडा उतरला असता. नाही बोलले. लाज वाटते मला त्याची, बाबा, आणि अजूनही सुटत नाही ती.

म्हणून मी ते सिनेमे बघते. त्या प्रत्येक सिनेमात एक पोरगी असते, तिला सगळ्यांच्या आधी काहीतरी दिसतं. बर्फात उमटलेलं पाऊल, जिन्यावरचा थेंब. घरातले हसत असतात, केक कापत असतात. मी सोफ्यावरून ओरडते, "अगं बोल ना, सांग त्यांना!" आणि ती सांगते. कोणी विश्वास ठेवत नाही, पण ती सांगतेच. तिथे मला रडू फुटतं. मग धो धो रक्त येतं, आणि मी डोळे पुसून बघते की पाक पातळ केलाय या लोकांनी, आपल्या आईने उतरवूच दिला नसता. सगळं गोड आहे, शॉट झाला की ती मेलेली माणसं उठली असतील, तोंड धुऊन जेवायला बसली असतील. तेवढ्यापुरता जीव शांत होतो.

हे कुठे पाठवायचं नाही, पोरीला दाखवायचं की नाही तेही ठरत नाही. लहान होते, घाबरले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. मी जराही घाबरले नव्हते. आईला सांगितलं असतं तर तिने तुला ओढत डॉक्टरकडे नेलं असतं आणि माझं शूटिंग बुडालं असतं. मला जायचं होतं रे. आणि गेले मी. तू मला स्टुलावर उभं केलंस, हातात टोप दिलास, मी सांताबुवाच्या दाढीवर रक्त ओतलं, युनिटने टाळ्या वाजवल्या आणि तू पोट धरून हसत होतास. त्यानंतर माझं लग्न झालं, पोरगी झाली, स्वतःचं घर झालं. पण आयुष्यातला सगळ्यात मजेचा दिवस कुठला असं कोणी विचारलं तर अजूनही माझ्या मनात पहिला तोच येतो.