बेबीनं राखून ठेवलेला शब्द

नांदुरा, ता. १९ जून १९६४

चिरंजीव शंकरले मायचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही आजी-नात इथं खुशाल. तिकडं वरवटले सूनबाई अन् बारका बरे असतील. पऱ्हाटी पेरली का? मोटारवाल्या फारुखच्या हाती लोणचं धाडलं होतं, त्याची बरणी वापस धाड. हे पत्रही त्याच्याच हाती देते, डाकेनं उशीर होईल. काऊन, ते पुढं येईल.

आता आयक, आनंदाची गोष्ट! तुही बेबी मॅट्रिक झाली, ते तुले कळलंच. पन मी तिले घेऊन बुलढान्याले जाऊन आली, मास्तरनीच्या ट्रेनिंगले! रागावू नको, आधी पुरं वाच.

अर्जात इंग्रजीत लिहाचं होतं, मधात एक वर्ष शाळा काऊन सुटली. पोरगी चुलीपुढं बसून घोकून राह्यली, ड्यू टू, ओइंग टू, बिकॉज ऑफ, थँक्स टू. म्या म्हटलं, "कोनता मंत्र हाय वं हा?" म्हनते, "आजी, चारहीचा अर्थ 'मुळे'च. पन कोनता कुठं लावाचा, तेच कठीन. थँक्स टू तेवढा चांगल्यासाठी." म्या म्हटलं, "मंग आपल्यातही हाय की! तुह्यापायी बुडालं म्हनतो, तुह्या पुण्याईनं तरलं म्हनतो." लय हासली.

मंग तिनं लिहून वाचून दाखवलं. बापापायी शाळा सुटली. खोटं नव्हतं रे, सूनबाईच्या बाळंतपनात तूच तिले घरी बसवलं. पन परक्या कागदावर बापाचं नाव असं लावलेलं मले पाहवलं नाही. म्हटलं, खोड ते. तिच्या शाळेचे मास्तर म्हनले, ओइंग टू लाव, घरच्या अडचनीमुळे. तसं लावलं.

बुलढान्याले मुलाखतीत ट्रेनिंगच्या मोठ्या बाईनं तिले आत इचारलं, वर्ष बुडूनही एवढे मार्क कसे? मी बाहेर भाकरीचं गाठोडं घेऊन बसलेली. आयकू आलं, "थँक्स टू माय ग्रँडमदर!" बाई उठून दारात आल्या अन् माह्याकडंच पाहू लागल्या. मले वाटलं, इथं बसाचं नसन. पदर सावरून उभी झाली. तं बाईनं मलेच हात जोडले! शंकर, तिसरी शिकलेली तुही माय, अन् इंग्रजीत तिचं नाव निघालं!

बेबीची निवड झाली.

सोमवारी पिंपळगाव राजाचे पाहुने तिले पाहाले येऊन राह्यले, मले ध्यानात हाय. त्याईले नाही म्हन. सोमवारीच होस्टेलात नाव लावाचं हाय, अन् बाप असताना आजीची सही चालत नाही. म्या करून पाहिली, होस्टेलवाल्याईनं कागद वापस केला.

पोरीले म्हटलं, "बापाच्या नावाले कोनता शब्द लावशीन वं?" म्हनते, "थँक्स टू राखून ठेवला हाय, आजी."

रविवारच्या मोटारीनं ये. पाहुन्यांसाठी आनलेला रवा भाजून ठेवला हाय, शिरा तुलेच खाऊ घालते.

तुह्या सहीची वाट पाहनारी,
तुही माय कलाबाई