मामांच्या ड्रिलची वायर

खुटबाव, ता. दौंड
३० मार्च २००८

आदरणीय बबनमामांना,

करुणाचा जय भीम. आई आणि धाकटी तेजश्री ठीक आहेत. माझी कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट चालू आहे. कस्तुरामामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि रक्तदाबाची गोळी तुम्ही घेता की नुसती खिशात घेऊन फिरता, हे कळवावे. एवढं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला "बरं, बरं" म्हणता आणि फोन मामींकडे देता. पत्र तसं कुणाकडे देता येत नाही.

विषय ड्रिलचा आहे. विहारामागची अभ्यासिकेची खोली तुम्ही पाहिलीच आहे. भिंती आहेत, वरचे लोखंडी अँगल आहेत, छप्पर नाही. पत्रे आणून ठेवले होते, पण ते बसवण्यावरून गाडी अडली. दौंडचा ठेकेदार जनरेटरचं भाडं वेगळं मागत होता, कारण दिवसभर लोडशेडिंग आणि रात्री पत्र्यावर कोण चढणार. मी बैठकीत म्हणाले की आपण स्वतः बसवू. (हे वाक्य मी बोलायला नको होतं, असं मला त्यानंतर रोज वाटत आलं आहे.) आप्पांनी, म्हणजे आमच्या समितीच्या अध्यक्षांनी, लगेच ठराव केला. जयंतीपर्यंत छप्पर झालं तर खोलीत अभ्यासिका होईल. नाही झालं, तर तरुण मंडळ वर ताडपत्री टाकून तिथं आपले स्पीकर ठेवील. मंडळाचा अध्यक्ष आयुष हसत होता. तेजश्री हसत नव्हती. ती आणि तिच्या मैत्रिणी सध्या पोलीस भरतीचा अभ्यास देवळाच्या पारावर बसून करतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना भरतीबद्दल सल्ला देऊन जातो.

त्या बैठकीत हत्यारांबद्दल मी जे सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण तुम्हीही हजर होता आणि मान हलवत होता. पत्र्याचे स्क्रू स्वतःच भोक पाडत आत जातात, म्हणून ड्रिल नसलं तरी चालेल, खरा उपयोग इम्पॅक्ट ड्रायव्हरचा, म्हणजे बॅटरीवर स्क्रू पिळणाऱ्या मशीनचा. तो नुसता फिरवत नाही, फिरवता फिरवता ठोके देतो, त्यामुळे मनगटाला झटका बसत नाही. चौदा व्होल्टचा पुरे, अठराचा जड पडतो आणि हात वर धरून काम करायचं आहे. पैसे वाचवायचे असतील तर ड्रायव्हर, बॅटरी आणि चार्जर एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले घ्यावेत. सुटे घेतले तर महाग पडतात आणि एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. यावर आप्पा म्हणाले, "पोरीनं सांगितलंय तसंच घ्या. फकस्त निळं घ्या."

निळ्याबद्दल माझी हरकत नव्हती. अडचण दानाची झाली. आपल्याकडे विहाराला पंखा दिला तर पात्यावर नाव, सतरंजी दिली तर कोपऱ्यात नाव. एका खोक्यावर एकच नाव येणार, मग बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून समितीने खोकं वाटून टाकलं. ड्रायव्हर आयुषने द्यायचा, बॅटरी झुंबरबाईंनी आपल्या वारलेल्या यजमानांच्या नावाने द्यायची, आणि पंचक्रोशीत मान असलेले पाहुणे म्हणून ड्रिल तुम्ही द्यायचं. (ड्रिल नको आहे हे मी पुन्हा सांगितलं. "मामाचा मान हाय," असं उत्तर मिळालं.) चार्जर कुणीच घेईना. तो घरात भिंतीला लागून बसणार, त्यावरचं नाव वाचणार कोण?

सगळ्यांनी निळं आणलं, याची मी नोंद घेते. आयुषने पुण्याहून ड्रायव्हर आणला तो स्वस्तात, कारण खोक्यात फक्त ड्रायव्हर होता. बॅटरीच्या जागी पोकळी. मी ती दाखवली तेव्हा म्हणाला, "ताई, तुमी लई खोलात जाता. बॅटरी कंची बी बसती." झुंबरबाईंच्या जावयाने आणलेली बॅटरी चांगली होती, चौदा व्होल्टचीच, पण दुसऱ्या कंपनीची. ती त्या पोकळीत बसेना. आयुषने ती बुक्कीने बसवून पाहिली, मग मला म्हणाला, "तुमचं शिक्षण काय कामाचं मग?"

दुकानदाराकडे बदलून घ्यायचाही मार्ग राहिला नव्हता, कारण पेंटरने सगळ्यांची नावं ऑइलपेंटने टाकली होती. बॅटरी लहान आणि झुंबरबाईंच्या यजमानांचं नाव लांब, म्हणून त्याने सुरुवात थेट पितळी पट्ट्यांवरून केली. त्या पट्ट्यांतूनच करंट जातो. मला तेवढा भाग पॉलिशपेपरने घासावा लागला आणि 'कालकथित' हा शब्द गेला. त्यामुळे बॅटरीपुरते ते हयात आहेत. मी झुंबरबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. कामाला तरी लागले."

आता तुमचं ड्रिल. शिरूरहून तुम्ही ते टॉवेलात गुंडाळून एसटीने आणलंत, आजीचं नाव आधीच टाकून, 'कालकथित पुतळाबाई यांच्या स्मरणार्थ'. ते दणकट आहे याबद्दल वाद नाही. पण मामा, त्याला वायर आहे. तुमचं म्हणणं मला पाठ आहे. बिनवायरीचं महाग आणि वायरीसकट स्वस्त, म्हणजे दुकानदार वायर नसल्याचे पैसे घेतो, आणि आपण असले फसणारे नव्हे. हिशोब म्हणून तो बरोबर आहे. फक्त विहाराला मीटर नाही.

तर माझ्याजवळ बॅटरीशिवाय ड्रायव्हर, चार्जरशिवाय बॅटरी आणि विजेशिवाय ड्रिल असं सगळं निळं सामान जमलं. आप्पांना ते टेबलावर मांडलेलं फार आवडलं. त्यांनी फोटो काढून घेतला. आई म्हणाली, "ठेकेदाराला बोलीव गं बाई, कशाला हसं करून घेतीस."

त्यानंतरचं थोडक्यात लिहिते, कारण मी दमले आहे. माझ्या शिफ्टमधल्या मेहरुनचा भाऊ अनिस दौंडला अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. त्याच्याकडे झुंबरबाईंच्या बॅटरीच्याच कंपनीचा ड्रायव्हर आणि चार्जर पडून होता. बॅटरी मेलेली, नवी घ्यायला तो टाळत होता. मी दोन्ही घेऊन आले. एका चार्जिंगमध्ये जेवढे स्क्रू बसतील तेवढे बसवायचे, मग, गावात दिवसा वीज नसते म्हणून, बॅटरी आणि चार्जर पिशवीत घालून शटल गाडीने दौंडला, अनिसच्या दुकानात चार्ज करून परत. पत्रे तेजश्री आणि तिच्या मैत्रिणींनी खालून चढवले, वरून स्क्रू मी मारले. आई खाली उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "बघा, पत्र्यावर चढलीया. आता हिला बघाया कोण येतंय." (कुणीच आलं नाही. कामाच्या दृष्टीने ते सोयीचं होतं.) कालच्या सुट्टीत शेवटचा पत्रा बसला. गळती पाहायला आम्ही वर चार घागरी पाणी ओतलं. एका कोपऱ्यात थेंब आला, तिथं वायसर बदललं.

एवढंच कळवायचं होतं. मामींना नमस्कार, गोळी घ्यावी.

आपली भाची,
करुणा

ता.क. एवढंच कळवायचं नव्हतं. अनिसने ड्रायव्हर आणि चार्जर फुकट दिलेला नाही. भिंतीत भोकं पाडायचं त्याचं मशीन जळालं होतं आणि त्याला दणकट, वायरवालं ड्रिल हवं होतं. मी तुमचं दिलं. तुम्हाला न विचारता दिलं, कारण विचारलं असतं तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून मामींना फोन दिला असता. नाव पुसून देऊ का म्हणून मी विचारलं, तर तो म्हणाला, "आजीचं नाव हाय, राहू द्या." सध्या दौंडात खिडक्या आजीच्या नावाने बसत आहेत. तुमचं ड्रिल चुकीचं होतं हे माझं मत कायम आहे. ते नसतं तर छप्पर झालं नसतं, हेही खरं आहे.

ता.क. २. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहिते. छप्पर होताच आयुषने आज सकाळी स्पीकर आत आणून ठेवले. ताडपत्रीपेक्षा पत्रा बरा, असं त्याचं म्हणणं. ठरावाची आठवण करून दिली तर आप्पा म्हणाले, "दोन्ही मावंल की. किल्लीचं उद्घाटनाला बघू." पाहुणे म्हणून फीत तुम्ही कापणार आहात आणि कुलूपही तुम्हीच उघडणार आहात. किल्ली हातात आली की ती आप्पांना परत देऊ नका, खिशात टाकू नका. सगळ्यांसमोर तेजश्रीला बोलावून तिच्या हातात द्या आणि खाली बसा. मी दिली तर भांडण होईल. तुमचा हात कुणी धरणार नाही.

तोवर कुणी ड्रिल कुठं आहे म्हणून विचारलंच, तर चार्जिंगला लावलंय म्हणून सांगा. समितीत कुणालाही शंका येणार नाही.