वाढलेला आकडा

७ मार्च
शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ती सर्वांत पुढे, मी सर्वांत मागे — ठेंगू आणि जिराफ! मधल्या सुट्टीत पाठीला पाठ लावून उभ्या राहायचो. ती हळूच टाचा उचलायची. "सिस्टर, ही फसवते!" मी ओरडायची. आज ठेंगूचा फोन आला नि सगळं आठवलं. राहायला येतेय!

९ मार्च
हाडांची घनता मोजून आले. मागच्या वेळी आकडा वाईट होता. आताही तसाच आला, तर मुलगी मला या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहू देणार नाही. "आई, मग मी ऐकणार नाही हं," असं बजावलंय.

यंत्रावरची मुलगी गोड. "काकू, कॅल्शियमची गोळी नाही ना घेतली? पोटात असली तर यंत्र तिलाही हाड समजतं." मग हूक काढा, चेन काढा, पाय आत वळवा. क्ष-किरण किती अडले, त्यावरून सगळा हिशेब. कशाने अडले, ते बिचाऱ्या यंत्राला काय ठाऊक!

१२ मार्च
कण्याचा आकडा वाढला! खुब्याचा जरा उतरलाय, असो. देवाचे किती आभार मानू? मुलगी फोनवर म्हणाली, "जिंकलीस बाई तू."

१५ मार्च
ठेंगू आली. दारातच मिठी, आणि लगेच — "अगं, तुझ्या खांद्यावरून मला खिडकी दिसतेय!" हट्टाने पाठीला पाठ लावायला लावली. या वेळी तिच्या टाचा जमिनीवर. मी तिच्याएवढी झालेय. ती हसायची थांबली. "उद्या डॉक्टरकडे. कुरकुर नको."

१६ मार्च
साधा एक्स-रे काढला. कण्याचे तीन मणके बसलेत. "हाड तेवढंच, पण दाबलं गेलं, म्हणून यंत्राला दाट दिसलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खुबा उतरला नि कणा चढला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती." किती सरळ बाई! जिने बंद, ओझी बंद, इंजेक्शनं सुरू.

रडले थोडी. ठेंगू पाठीवरून हात फिरवत होती, मी काचेची असल्यासारखा. "अगं, नीट फिरव की!" म्हटलं. वेळेवर कळलं, ही कृपाच.

१९ मार्च
मुलीकडे नाही — ठेंगूकडे जातेय, कायमची. तळमजला, दोन खोल्या. मुलगी रुसली, रडली, मग म्हणाली, "दर रविवारी येईन, दोघींना ओरडायला."

शिवणयंत्र मुलीला. पुस्तकं शाळेला. कुंड्या शेजारणीला — इतकी वर्षं माझं दूध तिनेच वर आणलं. वरच्या फळीवरचं सगळं, ज्याचा हात पोहोचेल त्याला.